अंगणातली साखळी

२१ एप्रिल, रविवार

बियाण्यांची कंपनी दरवर्षी एक डायरी फुकट देते. मुखपृष्ठावर हसणारा शेतकरी असतो आणि त्याच्या शर्टावर एकही डाग नसतो, म्हणजे तो शेतकरी नाही. आजवर मी या डायऱ्यांत केकच्या कृती लिहीत आले. आज पहिल्यांदा राग लिहायचा आहे. राग बोलून दाखवायला समोर माणूस लागतो, आणि माझ्यासमोरची माणसं आज दुपारी बशीत तोंड घालून बसली होती.

इवानोरकडे मांस भाजायचा बेत होता. इवानोर माझा धाकटा भाऊ, माझ्या पाठचा. सोयाबीन निघालं, त्याच जमिनीत मका पेरून झाला, तेव्हा सगळे खुशीत. जेवण अर्ध्यावर आलं असताना त्याच्या मुलाने, जार्देलने, सुरीने ग्लास वाजवला. शहरात राहून आलेली माणसं बोलण्याआधी ग्लास वाजवतात.

"आत्या, ऐक. टोपी कापायचा परवाना आला."

टोपी म्हणजे आमच्या जमिनीच्या उत्तरेला उरलेलं रान. आम्ही दक्षिणेतून या मातो ग्रोसोत आलो तेव्हा चारही बाजूंना तेच होतं. आता तीन बाजूंना क्षितिजापर्यंत आमचं आणि शेजाऱ्यांचं पीक, आणि डोक्यावर तेवढं एक काळंहिरवं. बाबा म्हणायचे, टकल्याला टोपी तरी असावी. खऱ्या रानात कापायला बंदी आहे म्हणून कोणा मोजणीवाल्याने कागदावर टोपीला 'उंच झुडपांचा माळ' करून टाकलंय. माळ कापता येतो.

"ते झुडूप आहे?" मी विचारलं. "त्याच्याखाली उभं राहून शेंडा बघायला गेलं की माझी हॅट मागे पडते."

"कागदावर तसं आहे ना, आत्या."

"कागदावर माझं वजन साठ किलो आहे. म्हणून मी तेवढी होते का?"

"हक्क आहे आपला. सगळ्यांनी वापरला. समुद्रापलीकडच्यांनी आपापली रानं खाल्ली, ढेकर दिली आणि आता आपल्याला उपास सांगतात."

हे खरं आहे. ते जार्देलच्या तोंडून ऐकायला आवडलं नाही, कारण गेली कित्येक वर्षं हेच वाक्य मी बाजारात सगळ्यांना ऐकवत आले आहे.

"त्यांनी मूर्खपणा केला तर आपणही करू या," मी म्हटलं, "पण मग त्याला मूर्खपणाच म्हण. हक्क म्हणू नको."

"मला दोन मुलं आहेत, आत्या. जमीन कुठून आणू?"

"माझं कुरण घे. चुना टाक, नांगर, पेर."

हे मी म्हणाले. ठरवून नाही, तोंडातून निघालं. बाबांचं जुनं कुरण माझ्या वाट्याला आलंय, त्यात माझ्या गायी चरतात. जार्देल हसला.

"ते मेलंय. तिथे वारुळांचं पीक येतं. मी कुरणाला चुना लावू की तू मला लावतेयस?"

सालेते, माझी भावजय, मध्ये पडली, "ताई, कंद घ्या ना थोडे." तिच्या घरात भांडण वर आलं की कंद पुढे येतात.

टोपी कागदोपत्री इवानोरची. त्याने एकदा 'नाही' म्हटलं असतं तर विषय संपत होता. पण जार्देल नोकरी सोडून परत आला तो एका अटीवर, शेतीतले निर्णय त्याचे. तेव्हापासून माझा भाऊ मुलापुढे असा वागतो की जणू मुलगा पाहुणा आहे आणि चहा आवडला नाही तर निघून जाईल.

"पोरगा शिकलाय, ताई. तो बघेल," एवढं बोलून तो आगीकडे वळला आणि बरगड्या करपवल्या. इवानोरने! ज्याच्या हातची बरगडी आजवर कधी करपली नाही. कणा नव्हताच, आता हातही गेला.

२४ एप्रिल

कळलं. त्यांना साखळी हवी आहे.

रान पाडायचं तर दोन जड ट्रॅक्टर शेजारून चालवतात आणि मध्ये साखळी बांधून जमिनीवरून ओढत नेतात. जे उभं असेल ते आडवं होतं. आमची साखळी मोडीत निघालेल्या जहाजाच्या नांगराची आहे. बाबांनी आणि बरोबरच्या पाच कुटुंबांनी मिळून ती बंदरावरून आणली. एकेक कडी वासराच्या डोक्याएवढी. सहाही घरांची शेती तिने मोकळ्या केलेल्या जमिनीवर उभी आहे. ज्या टेबलावर लिहितेय तेही तिनेच पाडलेल्या झाडाचं. तेव्हा उद्या कोणी ही डायरी वाचलीच तर गैरसमज नको, मी झाडांना मिठ्या मारणारी बाई नाही. मी सोयाबीन पिकवते, पुष्कळ पिकवते आणि त्याचा मला गर्व आहे.

शेवटचं काम आमच्याकडे झालं, तेव्हापासून साखळी माझ्या अंगणात वेटोळं घालून पडली आहे. कोंबड्या तिच्यात अंडी घालतात. हल्ली ट्रकवर साखळी दिसली की तपासनीस जप्त करतात, म्हणून ठेकेदार बुलडोझर आणतो आणि म्हणतो, साखळीचं तुमचं तुम्ही बघा. माझी तर शेतातच आहे. तिला रस्त्यावर यावंच लागत नाही.

आणि तिचा एक नियम आहे. पहिल्याच वर्षी ओढताना साखळी सुटली आणि एक माणूस गेला. त्याची बायको म्हणाली, यापुढे पुरुषांनी आपसात ठरवून ही वस्तू उचलायची नाही. जिच्या अंगणात असेल त्या बाईकडे यायचं, तिच्या हातचा शिमाराऊं, आमचा तो तुंब्यातून नळीने ओढायचा कडू पानांचा चहा, प्यायचा आणि साखळी मागायची. बाईने तुंबा भरत राहून ऐकायचं, मग हो किंवा नाही. सहाही घरांनी मानलं. अजून मानतात.

संध्याकाळी इवानोर साखळी बघायला आला. दोन्ही टोकांना एकेक जोडकडी लागते, तिच्याशिवाय साखळी ट्रॅक्टरला जोडता येत नाही. घोड्याच्या नालेच्या आकाराची, मनगटाएवढी जाड, आरपार खिळा. दोन्ही त्याच्या शेडमध्ये असायच्या.

"सापडत नाहीत गं ताई."

"मनगटाएवढं लोखंड सापडत नाही? शेवटच्या कधी बघितल्या होत्यास?"

"काल. म्हणजे... गेल्या वर्षी काल."

जार्देलने शहरातून नव्या मागवल्या आहेत. यायला वेळ लागेल म्हणे. माझ्या भावाच्या वेंधळेपणाचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला.

५ मे, रविवार

आज जार्देल मागायला आला. इस्त्रीचा शर्ट घालून. इवानोर बरोबर होता, कोपऱ्यात बसला.

मी पहिला तुंबा भरून स्वतः प्याले, रीतच आहे, पहिला सगळ्यात कडू असतो आणि तो पाहुण्याला द्यायचा नसतो. मग भरून त्याला दिला. त्याने नळीने शेवटचा आवाज येईपर्यंत ओढला, हे बरोबर केलं. मग दोन्ही हातांनी तुंबा माझ्यासमोर धरला आणि गोड आवाजात म्हणाला,

"धन्यवाद, आत्या."

मी तुंब्यातली पानं बादलीत टाकली, तुंबा विसळून पालथा घातला आणि उठले.

"बरं, निघ मग. सांभाळून जा."

"निघू? अगं, मी साखळीचं बोलायला..."

"तू धन्यवाद म्हणालास."

"चांगला झाला होता म्हणून!"

"पुरे झालं, आता उठतो, असं सांगायला म्हणतात ते. अजून हवा असेल तर माणूस तुंबा गप्प परत देतो. शेंबड्या पोराला माहीत असतं. तू उठतो म्हणालास, मी उठले. साखळी मागायची बैठक संपली. पुन्हा यायचं तर रविवारी."

"पुढच्या रविवारी मातृदिन आहे!"

"मग त्याच्या पुढच्या."

त्याचा चेहरा टोमॅटो झाला. तो बापाकडे वळला. "बाबा! तुम्हीच म्हणालात ना, आत्या मानी आहे, परत देताना आठवणीने धन्यवाद म्हण?"

इवानोर छताकडे बघत होता. छतावर काही नाही, मी नंतर पाहिलं.

"इवानोर," मी म्हटलं, "आपल्या बापाच्या मांडीवर बसून प्यायलास तू. हे विसरलास?"

"विसरलो बघ."

आधी कणा, मग हात, आता डोकं. एकेक अवयव सोडून चाललाय माझा भाऊ.

१० मे

जार्देलची घाई मला कळते. माती ओली आहे तोवर झाडं मुळासकट उपटून येतात. मे संपला की माती वीट होते, खोडं नुसती मोडतात, आणि मोडलेलं साफ करायला जाळायचं तर कोरड्या महिन्यांत जाळायला बंदी. म्हणजे हा महिना निघाला की टोपीला वर्ष मिळालं.

आज नेइवाकडे गेले होते. माझी लहानपणची मैत्रीण, रस्त्यापलीकडे राहते. तिच्या नवऱ्याने काठापर्यंत सगळं कापलं. तिच्या स्वयंपाकघरात डब्यांच्या झाकणांवर धूळ, झाकणांच्या खालीही धूळ. केक कापला तर सुरी करकरली. ती म्हणाली, "सवय होते गं." तिचा मका माझ्या गुडघ्याला लागत होता. माझा, टोपीच्या बाजूचा, माझ्या खांद्याला आलाय.

आता खरं लिहायचं तर हे टोपीमुळेच आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तिची माती वेगळी असेल. बियाणं वेगळं. मार्चमध्ये दुपारी टोपीवर ढग बसतो आणि चारच्या सुमारास आमच्याकडे उतरतो, एवढं मी बघत आले आहे. जार्देल म्हणतो हा योगायोग. असेल. इतकी वर्षं रोज वेळेवर येणारा योगायोग मला आमच्या पोस्टमनपेक्षा बरा वाटतो.

दुपारी साओ पाउलोहून जंगल वाचवणाऱ्या एका संस्थेच्या बाईचा फोन. माझं नाव कुठून मिळालं कोण जाणे. तिला माझा झाडाबरोबर फोटो हवा होता, "डोळे मिटून, गाल खोडाला लावून."

मी म्हटलं, "खोडावर मुंग्या असतात, बाई. हार्वेस्टरवर बसून काढला तर चालेल का?"

फोन कट झाला.

जार्देलची मुलं मला आवडतात. धाकटी माझ्यासारखी उलट बोलते. तिला जमीन हवी हे मला कळतं. मी काय वाचवतेय, तिच्यासाठी की तिच्यापासून? या प्रश्नावर मी दोन वेळा चहा केला. उत्तर आलं नाही. पण साखळी द्यायची नाही, हे चहा न करताही पक्कं आहे.

१९ मे, रविवार

मी तुंबा, पाणी, पानं सगळं तयार ठेवून बसले. जार्देल आला नाही. फोनवर संदेश आला:

"आत्या, नव्या जोडकड्या आल्या. २८ ला बुलडोझर येतात, तेव्हा साखळी उचलतो. राग नसावा." पुढे जोडलेल्या हातांचं चित्र.

सहा घरांची रीत त्याने अंगठ्याने पुसली. नियम मोडणाऱ्याला शिक्षा काय हे कोणी ठरवलंच नव्हतं, कारण कोणी मोडेल असं वाटलं नव्हतं. आणि शंभर मीटर लोखंड मी एकटी कुठे लपवू? उशीखाली?

या सगळ्यात भर म्हणजे इवानोरचा ट्रक. आमचा ड्रायव्हर रिबामार घेऊन आला. तो मारान्याऊंचा, तिकडची माणसं उन्हातही हसतात. ट्रकमध्ये सिमेंटच्या गोण्या, मागे वाळू आणि खडी.

"हे काय?"

"साहेब म्हणाले, बाईंच्या शेडमध्ये ठेव. त्यांची शेड गळते."

"गळते? या महिन्यात? आकाशात ढग तरी आहे का?"

"मी तेच म्हणालो, बाई. तर म्हणाले, गळायला लागली तर मग उशीर होईल."

मी इवानोरला फोन केला. तो म्हणाला, धान्य वाळवायचा ओटा करायला मागवलं होतं, जरा जास्तच मागवलं गेलं. जरा! आणि शेड राहिली बाजूला, रिबामार गोण्या साखळीपाशीच उतरवून गेला, आता कोंबड्या अंडी कुठे घालणार?

२० मे

सुचलं! मला एकटीला सुचलं आणि असं सुचलं की मी उभ्याउभ्या हसले.

सकाळी इवानोर शिमाराऊं प्यायला आला. माझं डोकं तापलेलं आणि हा नेहमीप्रमाणे भलतंच बोलत होता. सालेतेचा नवस राहिलाय म्हणे. जार्देल शहरातून परत आला तर काराव्हाज्जोच्या माउलीला उघड्यावर घर बांधीन असं ती बोलली होती. तो येऊन तीन वर्षं झाली, मरियामाता अजून कपड्यांच्या कपाटावर उभी आहे.

"जागाच नाही बघ," इवानोर म्हणाला. "जिकडे बघावं तिकडे पीक. तुझं अंगण तेवढं मोकळं. पण तिथे ती साखळी."

"मग?"

"मग काही नाही. आणि माउलीचा सण येतोय सव्वीसला. फादर जेनेझियो जेवायला आमच्याकडेच आहेत. असो." तुंबा परत देऊन गप्प बसला.

बोलता बोलता या माणसाच्या लक्षातही येत नाही की आपण काय बोलतोय. सोनं हातात असतं आणि हा त्याने पाठ खाजवतो. मी त्याला काही बोलले नाही. इवानोरला सांगणं म्हणजे जार्देलला सांगणं. तो गेला आणि मी रिबामारला हाक मारली.

२२ मे

ओतलं. वेटोळ्याभोवती फळ्या ठोकल्या, कड्यांच्या पोटात खडी भरली, वरून काँक्रीट, वर ओटा, ओट्यावर विटांची कमान. रिबामार थापी फिरवताना म्हणाला,

"बाई, माउलीच्या पायाखाली साप असतो, तो चित्रात बघितलाय. साखळी पहिल्यांदाच."

"हाही सापच आहे. शेपूट नीट दाब."

सालेतेला बोलावून दाखवलं. ती रडली, माझे दोन्ही गाल ओले केले. म्हणाली, "ताई, तुम्ही देवाला मानत नाही असं मला वाटायचं." मी म्हटलं, "मी सिमेंटला मानते." तिला ऐकू गेलं नाही, ते बरं झालं. खाली काय आहे ते तिने विचारलं नाही. बघितलं मात्र. एक कडी थोडी बाहेर राहिली होती, तिच्यावर तिने फुलाची कुंडी सरकवली.

जार्देल बुलडोझरवाल्याशी बोलायला तालुक्याला गेलाय, दोन दिवसांचं काम. इवानोरने त्याला पाठवलं म्हणे, ठेकेदाराचा कागद नीट तपासून घे म्हणून. मोठा आला कागद तपासणारा. पण वेळ मिळाला.

२६ मे, रविवार

सण झाला. सहाही घरं आली. नेइवाने केक आणला, करकर होतीच. फादर जेनेझियोंनी पाणी शिंपडलं, नवस फेडणाऱ्या आईचं कौतुक केलं आणि दोनदा जेवले. जार्देल मुलीला खांद्यावर घेऊन मागे उभा होता. ओटा त्याने पाहिला, कमान पाहिली. साखळी कुठे गेली हा प्रश्न त्याच्या तोंडावर हळूहळू उगवताना मी पाहिला, अगदी मक्यासारखा. पण फादर प्रार्थना म्हणत होते.

२८ मे

सकाळी दोन बुलडोझर फाटकातून आत आले. पुढे जार्देलची गाडी. हातात नव्या चकचकीत जोडकड्या.

सालेते आधीपासूनच ओट्याजवळ खुर्ची टाकून माळ जपत बसली होती. मी दारात. इवानोर कुंपणाला टेकून.

"आत्या, साखळी कुठे आहे?"

"कसली साखळी? हा पाया आहे."

"पायात साखळी आहे!"

"होती. आता पाया आहे."

"माझी चेष्टा करतेस? मी फोडून काढीन. हातोडा मागवतो, दोन तासांचं काम."

ठेकेदार खाली उतरला, कमानीत बघितलं, हॅट काढली आणि कपाळाला, छातीला हात लावला. "मी नाही फोडणार, दादा. माझी आई काराव्हाज्जोला अनवाणी चालत जायची. माणसं वेगळी शोधा."

"मी स्वतः फोडीन मग!"

तेव्हा सालेते उठली. ही बाई आयुष्यभर कंद वाढत आली. ती ओट्यापुढे उभी राहिली, माळ मनगटाला गुंडाळून.

"नवस कशाचा होता माहितीये तुला? तू परत यावास म्हणून. रोज संध्याकाळी गुडघ्यावर बसले मी. फोड. घण त्या शेडमध्ये आहे. पण मग माउलीला काय सांगू? दिलेलं परत घे?"

जार्देल बापाकडे वळला, आवाज फाटला त्याचा.

"बाबा, तुम्ही तरी काही बोला!"

इवानोर कुंपणापासून हलला नाही. "मी काय बोलू, बाळा? सिमेंट सुकलं."

एवढंच. एवढा मोठा प्रसंग, एका बाजूला बहीण, एका बाजूला मुलगा, आणि या माणसाला सिमेंट सुकल्याचं सुचतं.

बुलडोझर गेले. त्यांना दुसरीकडे काम होतं, ते थांबत नाहीत. टोपीच्या कडेने गेले तेव्हा पाखरांचा एक थवा उठला आणि ते लांब गेल्यावर परत बसला.

२ जून, रविवार

जार्देल आला. इस्त्री नाही. ओट्याच्या पायरीवर बसला, माझ्याकडे पाठ करून. मी तुंबा भरून हातात दिला.

प्याला. शेवटचा आवाज आला. माझ्याकडे न बघता तुंबा मागे केला. एक शब्द नाही.

मी पुन्हा भरला.

तिसऱ्या तुंब्यानंतर म्हणाला, "परवाना पुढच्या वर्षीही चालतो, आत्या. सांगून ठेवतो."

"पुढच्या वर्षी ये मग. रविवारी. मी असेन, माउली असेल."

"तू फार वाईट बाई आहेस."

"तुझी धाकटी माझ्यावर गेली आहे. जप."

चौथा तुंबा. मग, जणू वाऱ्याला, "कुरणाचं काय म्हणाली होतीस?"

"म्हणाले होते ते अजून म्हणते."

"तुझ्या गायी?"

"त्या माझ्या आहेत. त्यांचं मी बघेन."

"पहिल्या वर्षी काही उगवणार नाही तिथे."

"आम्ही आलो तेव्हा इथे पहिल्या वर्षी फक्त मलेरिया उगवला होता."

हसला नाही. पण पाचवाही प्याला.

१४ जून

गायी नेइवाकडे गेल्या. ट्रकच्या फळीवर चढताना म्हातारी पिंताडा मागे वळून बघत राहिली. रिबामार म्हणाला, "बाई, डोळ्यात काय गेलं?" मी म्हटलं, "चुना." चुन्याचे ट्रक अजून आले नव्हते.

आता चीज दुकानातलं. रबर खाल्ल्यासारखं लागतं.

१ सप्टेंबर, रविवार

कुरण पांढरं झालं. नांगरलेल्या मातीत चुना मिसळून ती दमलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखी दिसते. वारुळं मोडायला जार्देल स्वतः ट्रॅक्टरवर बसला होता, शिव्या देत, सगळ्या माझ्या नावाने, मी कुंपणापाशी उभी राहून ऐकल्या. चांगल्या होत्या, बऱ्याच बाबांच्या वेळच्या. रीत तेवढी शिकला म्हणायचं.

पिकेल की नाही माहीत नाही. तो म्हणतो नाही. मी म्हणते पिकेल. आमच्यातल्या एकाला खोटं पडायला आवडत नाही, आणि ती मी आहे, म्हणजे पिकवावंच लागेल.

आज इवानोर ओट्यासाठी फुलदाण्यांचे स्टँड करून घेऊन आला. सालेतेला हवे होते म्हणे. माउलीच्या दोन्ही बाजूंना बसवले. काय वस्तू! निळ्या रंगाने माखलेलं, घोड्याच्या नालेसारखं वाकडं लोखंड, मनगटाएवढं जाड, आरपार खिळा, आणि त्यात बिचारी कार्नेशनची फुलं. एक उचलायला दोन्ही हात लागतात. वाऱ्याने पडणार नाहीत एवढंच त्यांचं कौतुक.

"हे कुठल्या भंगारातून आणलंस?"

"घरातच होतं," तो म्हणाला.

"रंग तरी जरा बरा द्यायचास."

"दिला ना. दोन हात दिले. गंज दिसू नये म्हणून."

याची आवडनिवड ही अशी. मी सोडून दिलं. आम्ही पायरीवर बसलो. समोर पांढरं कुरण, पलीकडे टोपी, वर दुपारचा ढग नुकता बसायला लागलेला, यंदा लवकर. मी तुंबा भरला, प्याले, भरून त्याला दिला.

"टोपी राहिली गं, ताई."

"राहिली. आणि नीट ऐक, तुझ्यामुळे नाही. तुझ्यावर असती तर कधीच भुईसपाट झाली असती."

"हो की. मी काय केलं?"

आणि हसायला लागला. एकटाच. खांदे हलेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसण्यासारखं काय होतं देव जाणे.

मग तुंबा माझ्यापुढे धरला, गप्प. मी पुन्हा भरला. कणा नसलेल्या माणसालाही तहान लागतेच.